हेन्री फोर्ड व त्याच्या हातच्या गाड्या

उसाचा हंगाम सुरू झाला म्हणजे आपल्या देवळाली प्रवरेच्या रस्त्यांवरून ट्रॅक्टरांची रांग रात्रंदिवस कारखान्याकडे चाललेली दिसते. त्यांतील एखाद्या ट्रेलरचा आंस वाटेंत मोडतो आणि चालक तो तुटका भाग खांद्यावर टाकून जवळच्या वर्कशॉपांत धांवतो. तयार भाग मिळाला तर उत्तमच. न मिळाला तर मिस्त्री जुन्या लोखंडाच्या ढिगांतून एक तुकडा उचलतो, लेथवर चढवितो आणि हवा तसा भाग घडवून देतो. हें दृश्य आमच्या विद्यार्थ्यांच्या इतकें परिचयाचें झालें आहे कीं, त्यांत पाहण्यासारखें कांहीं आहे असें त्यांस वाटत नाहीं. परंतु मोटारीचा कोणताच भाग कोणत्याच दुकानांत विकत मिळत नव्हता असा एक काळ होता, आणि त्या काळीं ज्यास मोटार हवी असे त्यास ती पहिल्या खिळ्यापासून स्वतःच घडवावी लागे. हेन्री फोर्ड हा त्या काळचा मनुष्य. कोट्यधीश कारखानदार म्हणून त्याचें नांव आबालवृद्धांस ठाऊक आहे. मात्र अडतीस वर्षांच्या वयांत, एक कंपनी बुडाल्यावर, घरगुती खटपटीनें बांधलेली शर्यतीची गाडी घेऊन तो स्वतः मैदानांत उतरला होता हें फार थोड्यांस ठाऊक असेल. त्याच्या चरित्राचा हाच भाग आम्हीं येथें विस्तारानें सांगणार आहों.

हेन्रीचा जन्म ३० जुलै १८६३ रोजीं अमेरिकेंतील मिशिगन राज्यांत, डिअरबॉर्न गांवाजवळ एका शेतकऱ्याच्या घरीं झाला. बाप विल्यम हा आयर्लंडांतून येऊन तेथें शेती करून राहिलेला होता. थोरल्या मुलानें आपल्यामागें शेत संभाळावें अशी त्याची साहजिक इच्छा. पण मुलाचें मन नांगरापेक्षां नांगराच्या बिजागरींत अधिक गुंतलेलें. शेतांत इतकें काम माणसाच्या हातानें कां करावें लागतें, हा प्रश्न त्यास लहानपणापासून सतावीत असे. घड्याळें उघडण्याचा त्यास मोठा नाद होता. हत्यारें नव्हतीं, म्हणून त्यानें एक खिळा घासून त्याचा पेंचकस केला आणि पोलादाची पातळ पट्टी वांकवून चिमटा बनविला. शेजाऱ्यापाजाऱ्यांचीं बंद पडलेलीं घड्याळें तो दुरुस्त करून देई.

इ. स. १८७६ मध्यें त्याची आई वारली. तेव्हां तो अवघा बारा वर्षांचा होता. त्याच वर्षीं बापाबरोबर गाडींतून जात असतां, घोडा न जुंपतां आपल्या आपण रस्त्यानें येणारें एक वाफेचें एंजिन त्यानें पाहिलें. बाप कांहीं बोलण्यापूर्वींच पोरगा खालीं उडी टाकून एंजिनवाल्याशीं बोलूं लागला होता. पुढें सत्तर वर्षें त्या एंजिनाची आठवण त्याच्या मनांतून गेली नाहीं.

सोळाव्या वर्षीं तो डेट्रॉइट शहरीं जाऊन एका यंत्रशाळेंत उमेदवार राहिला. मजुरींत पोट भरेना, म्हणून दिवसा लोखंडाचें काम आणि रात्रीं घड्याळजीच्या दुकानीं दुरुस्ती असा त्याचा क्रम चाले. पुढें कांहीं वर्षें तो घरीं परतला, १८८८ सालीं क्लारा ब्रायंट हिच्याशीं त्याचें लग्न झालें, आणि १८९१ मध्यें पतिपत्नींनीं पुन्हा डेट्रॉइट गांठलें. तेथें एडिसनच्या नांवानें चालणाऱ्या विजेच्या कंपनींत त्यास नोकरी लागली आणि दोन वर्षांत तो तेथील मुख्य एंजिनियर झाला. पगार चांगला, मान मोठा. सामान्य मनुष्याचें समाधान येथेंच झालें असतें.

१८९३ सालच्या नाताळाची आदली रात्र. क्लारा दुसऱ्या दिवशींच्या मेजवानीची तयारी करीत होती आणि सातआठ आठवड्यांचा मुलगा एड्सेल शेजारच्या खोलींत निजला होता. अशा वेळीं हेन्री एक लाकडी फळी हातांत घेऊन स्वयंपाकघरांत आला आणि ती त्यानें मोरीच्या कडेस आवळून बसविली. तिच्यावर त्याचें पहिलें पेट्रोलचें एंजिन होतें. त्याचें सिलिंडर म्हणजे गॅसच्या नळाचा एक तुकडा. तो आंतून कोरून गुळगुळीत केलेला होता. कारण दट्ट्या आणि नळाची भिंत यांच्यामध्यें फट राहिली तर आंतील दाब निसटून जातो आणि एंजिन नुसतें सुसकारे टाकतें. जड चाक हवें होतें, तें एका जुन्या लेथचें काढून लावलेलें. ठिणगीसाठीं वीज घरांतील दिव्याच्या तारेंतून घेतली. आतां पेट्रोल कोणी घालावयाचें? तें काम क्लारेकडे आलें. तिनें हातांतील काम बाजूस ठेवून एंजिनाच्या तोंडाशीं थेंब थेंब पेट्रोल सोडलें, हेन्रीनें चाक फिरविलें, दिवा लुकलुकला, आणि एंजिन धडधडत सुरू झालें. मोरी हादरली, घरभर धूर झाला. एक मिनिटभर तें चालल्यावर हेन्रीनें तें थांबविलें. त्यास पाहावयाचें होतें तें पाहून झालें होतें. मेजवानीच्या आदल्या रात्रीं चुलीजवळ असा प्रकार चालूं देणाऱ्या त्या गृहिणीचें आम्हांस अधिक कौतुक वाटतें, हें येथें नमूद करून ठेवितों.

यानंतर अडीच वर्षें भाड्याच्या घरामागील विटांच्या कोठारांत त्याचें काम चाललें. नोकरी सांभाळून, रात्रीं व सुटीच्या दिवशीं, दोघाचौघां मित्रांच्या मदतीनें तो गाडी बांधीत होता. पहिली मोटार फोर्डनें केली असा आमच्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांचा समज असतो, तो मात्र खरा नव्हे. जर्मनींत कार्ल बेंझ यानें १८८६ सालींच आपल्या गाडीचा हक्क नोंदविला होता. खुद्द डेट्रॉइटांतदेखील चार्ल्स किंग नांवाच्या गृहस्थानें १८९६ च्या मार्च महिन्यांत आपली गाडी रस्त्यावर आणली, आणि हेन्री तिच्यामागून सायकलीवरून चालला होता असें सांगतात. या किंगनें आपल्याजवळच्या कांहीं झडपा हेन्रीस दिल्या. जो शर्यतींत आपल्या पुढें जाऊं शकेल त्यास आपलेच भाग काढून देणारा हा मनुष्यही लक्षांत ठेवण्याजोगा आहे.

बाकीचे भाग कोठून आले तें पाहण्यासारखें आहे. दोन सिलिंडरें वाफेच्या एका जुन्या एंजिनाच्या धुराड्याच्या नळापासून कातून काढलीं. त्यांचा व्यास अडीच इंच आणि दट्ट्याची धांव सहा इंच. चाकें सायकलीचीं. बसावयास सायकलीसारखीच बैठक, आणि तिच्याखालीं पेट्रोलची टांकी. एंजिनाची शक्ति चामड्याच्या पट्ट्यानें आणि तेथून साखळीनें मागच्या चाकांकडे नेलेली. वळविण्यासाठीं नावेच्या सुकाणूसारखा एक दांडा. लोकांनीं वाटेंतून दूर व्हावें म्हणून पुढें दारावरची एक घंटा बसविली होती. गति दोनच प्रकारची, ताशीं दहा मैल व वीस मैल. मागें जाण्याची सोय मुळींच नव्हती. सगळ्या गाडीचें वजन सुमारें पांचशें पौंड. आपल्याकडील दोन धष्टपुष्ट माणसें व उसाच्या दोन मोळ्या यांच्याइतकेंच म्हणा ना!

१८९६ च्या जून महिन्याच्या चार तारखेस, पहांटेपूर्वीं, गाडी तयार झाली. आणि तेव्हां असें ध्यानांत आलें कीं, ती कोठाराच्या दारांतून बाहेर निघत नाहीं! अडीच वर्षें प्रत्येक भागाचें माप केसाच्या अंतरानें पाहणाऱ्या कारागिरानें दाराचें माप घेतलेंच नव्हतें. हेन्रीनें कुऱ्हाड उचलली आणि भिंतीच्या विटा पाडून वाट केली. मित्र जिम बिशप सायकलीवरून पुढें, मागें हेन्रीची गाडी, अशी ती मिरवणूक निजलेल्या शहरांतून गेली. वाटेंत ठिणगीच्या यंत्रणेंतील एक भाग मोडला, तो बदलून गाडी घरीं आली. घरमालक संतापून आला, पण गाडी पाहून भिंत बुजविण्याऐवजीं तेथें मोठें दार करण्यास त्यानें संमति दिली. ही गाडी दोनशें डॉलरांस विकून हेन्रीनें त्या पैशांत दुसरी बांधावयास घेतली. पुढें त्यानें ती परत विकत मिळविली, आणि आज ती डिअरबॉर्न येथील संग्रहालयांत आहे.

१८९९ मध्यें त्यानें नोकरी सोडली आणि धनिकांच्या भांडवलावर एक मोटार कंपनी निघाली. तिच्या गाड्या थोड्या निघाल्या, महाग पडल्या आणि वारंवार बिघडूं लागल्या. १९०१ च्या आरंभीं कंपनी बंद झाली. हेन्री अडतिसाव्या वर्षांत होता. पदरीं बायको व सात वर्षांचा मुलगा. हातीं नोकरी नाहीं. खर्च झेपेना म्हणून तें कुटुंब त्याच्या बापाच्या घरीं राहावयास गेलें. नातलगांस काय वाटलें असेल याची कल्पना आमच्या वाचकांस सहज करितां येईल.

अशा वेळीं त्यानें शर्यतीची गाडी बांधण्याचें ठरविलें. वरवर पाहतां हा उधळेपणा वाटतो. परंतु त्याचा हिशेब पक्का होता. त्या काळीं लोक जाहिरातीवर विश्वास ठेवीत नसत, पण शर्यतींत जी गाडी पुढें येई तिच्या कर्त्याचें नांव दुसऱ्या दिवशीं सर्वतोमुखीं होई. ऑलिव्हर बार्थेल हा आराखडे काढी, आणि एड हफ् हा विजेच्या कामांत निष्णात होता. या गाडीस सिलिंडरें दोनच, पण व्यास सात इंच आणि धांवही सात इंच. पहिल्या गाडीच्या अडीच इंचांशीं ताडून पाहिलें म्हणजे पांच वर्षांत केवढी मजल मारली तें कळतें.

इतक्या मोठ्या सिलिंडरांत भरलेलें मिश्रण नेमक्या क्षणीं पेटविणें हें खरें अवघड काम. वीज ही पाण्यासारखी असते. सोपी वाट मिळाली कीं ती जवळच्या लोखंडांत निसटून जाते आणि ठिणगी पडावयाची तेथें पडत नाहीं. तिला अडविण्यास चिनी मातीसारखें वेष्टण हवें, पण तसा भाग बाजारांत नव्हता. मग हे लोक गेले कोणाकडे? एका दंतवैद्याकडे! कृत्रिम दांत घडविणाऱ्या हातांनीं मोटारीस हवें तें वेष्टण घडवून दिलें. आपल्या कामाचा भाग कोणत्या धंद्याच्या माणसाच्या हातांत लपलेला असेल हें ओळखण्याची दृष्टि फोर्डजवळ होती, आणि त्याच्या यशांत तिचा वाटा आम्हांस त्याच्या लेथइतकाच मोठा वाटतो.

१० ऑक्टोबर १९०१ रोजीं डेट्रॉइटजवळ ग्रोस पॉइंट येथें घोड्यांच्या शर्यतीच्या एक मैल घेराच्या मातीच्या मार्गावर सामना झाला. प्रतिस्पर्धी अलेक्झांडर विंटन. हा देशांतील नामांकित मोटार कारखानदार, अनेक शर्यती जिंकलेला, आणि त्याची गाडीही अधिक शक्तीची. हेन्रीनें आयुष्यांत एकही शर्यत धांवली नव्हती. इतर उमेदवार गळाले आणि अखेर हे दोघेच उरले. दिवस मावळतीकडे झुकल्यामुळें अंतर कमी करून दहा मैलांचें ठेवण्यांत आलें.

आरंभीं विंटन भराभर पुढें गेला. त्यास वळणें घेण्याचा सराव होता. हेन्री मात्र प्रत्येक वळणावर वेग कमी करून बाहेरच्या बाजूनें लांबचा फेरा घेई. वळणावर गाडीचा भार बाहेर झुकतो आणि आंतील चाकें उचलूं पाहतात, म्हणून एड हफ् हा गाडीच्या बाजूच्या पायरीवर ओणवा बसून प्रत्येक वळणास आपलें शरीर आंतल्या बाजूस झोंकून देत होता. त्या माणसाचें वजन हाही त्या गाडीचा एक भागच होता म्हणावयाचा. सरळ वाटेवर हेन्रीची गाडी हळूहळू अंतर कापूं लागली. सातव्या फेऱ्याच्या सुमारास विंटनच्या गाडींतून धूर निघूं लागला. तिचीं बेअरिंगें तापलीं होतीं. त्याचा सोबती त्यांवर तेल ओतीत राहिला, पण उपाय चालला नाहीं. हेन्री गर्जणाऱ्या लोकसमूहासमोरून पुढें निघून गेला आणि सुमारें साडेतेरा मिनिटांत दहा मैल पुरे करून जिंकला. एक हजार डॉलर आणि कांचेचें एक नक्षीदार भांडें त्यास मिळालें. गाडींतून उतरल्यावर, पुन्हा असें साहस करावयाचें नाहीं असें त्यानें सांगितलें म्हणतात. तें त्यानें पाळलें नाहीं.

या विजयावर नवी कंपनी उभी राहिली, पण हेन्रीचें चित्त शर्यतींतच राहिलें. भागीदारांशीं पटेना, म्हणून १९०२ च्या मार्चमध्यें तो बाहेर पडला. आतां टॉम कूपर या सायकलपटूच्या पैशानें त्यानें दोन अजस्र गाड्या बांधल्या. एकीचें नांव त्या काळच्या एका प्रसिद्ध आगगाडीच्या एंजिनावरून ९९९ असें ठेविलें आणि दुसरीचें अॅरो, म्हणजे बाण. चार सिलिंडरें, लाकडी सांगाडा, वर आच्छादन कांहींही नाहीं. फिरणाऱ्या भागांतून उडणारें तेल चालकाच्या तोंडावर येई. त्या चालविण्यास स्वतः कर्ताही कचरे. बार्नी ओल्डफील्ड हा सायकलपटू पुढें आला. त्यानें पूर्वीं मोटार चालविलेली नव्हती. आठवडाभर शिकून २५ ऑक्टोबर १९०२ रोजीं त्यानें ९९९ मैदानांत आणली आणि पांच मैलांच्या सामन्यांत विंटनसह सर्वांस मागें टाकलें.

दुसऱ्या गाडीची कथा दुःखाची आहे. १९०३ च्या सप्टेंबरांत मिलवॉकी येथील शर्यतींत अॅरो उलटली आणि तिचा तरुण चालक फ्रँक डे हा ठार झाला. शर्यतीच्या वर्णनांत अशा नांवांस बहुधा अर्धी ओळ मिळते. परंतु ज्यानें गाडी घडविली त्यास तें नांव विसरतां येत असेल असें आम्हांस वाटत नाहीं. गाडीचे अवशेष घेऊन फोर्डनें ती पुन्हा उभी केली, आणि या वेळीं सुकाणू दुसऱ्या कोणाच्या हातीं न देतां स्वतः धरिलें. १२ जानेवारी १९०४ रोजीं सेंट क्लेअर सरोवराच्या गोठलेल्या पाण्यावर राख पसरून एक मार्ग तयार केला होता. बर्फांतील भेगांमुळें गाडी हवेंत उसळे. हफ् नेहमींप्रमाणें सोबत होता. एक मैल अंतर ३९.४ सेकंदांत पार पडलें, म्हणजे ताशीं ९१ मैलांहून अधिक वेग झाला. जगांत तोंपर्यंत इतक्या वेगानें मोटार कोणीं हांकिली नव्हती. अर्थात् तो विक्रम थोड्याच दिवसांत दुसऱ्यानें मोडला.

पुढील वृत्तांत सर्वश्रुत असल्यामुळें थोडक्यांत सांगतों. १६ जून १९०३ रोजीं फोर्ड मोटार कंपनी निघाली होती. १९०८ मध्यें तिची मॉडेल टी ही गाडी आली आणि १९२७ पर्यंत ती दीड कोटींच्या वर विकली गेली. १९१३ मध्यें कारखान्यांत सरकत्या साखळीवर गाड्या जोडण्याची पद्धत सुरू झाली आणि एका गाडीचा सांगाडा जोडण्यास पूर्वीं साडेबारा तास लागत, तेथें दीड तास पुरूं लागला. १९१४ मध्यें कामगारांस दिवसा पांच डॉलर देण्याचें जाहीर झालें. १९१७ पासून त्याचे ट्रॅक्टर निघूं लागले; शेतावरील पोराचा जुना प्रश्न तो विसरला नव्हता.

परंतु येथें एक गोष्ट मनास टोंचते. ज्यानें नळाच्या तुकड्यापासून अखंड एंजिन घडविण्याचा आनंद भोगला, त्याच्याच कारखान्यांत हजारों माणसें दिवसभर एकच मळसूत्र आवळीत उभीं राहिलीं. गाडी स्वस्त झाली, शेतकऱ्याच्या दारांत आली. पण तिचा कोणताही भाग आतां कोण्या एकाच्या हातचा राहिला नाहीं. याहूनही मोठा डाग म्हणजे १९२० पासून त्याच्या मालकीच्या वृत्तपत्रानें यहुदी लोकांविरुद्ध केलेला विषारी प्रचार. १९२७ मध्यें त्यानें जाहीर माफी मागितली, पण तें विष तोंपर्यंत दूरवर, जर्मनींतही, पोंचलें होतें. यंत्रांतील बारीकसा दोष ज्याच्या कानास ऐकूं येई त्यास हा दोष दिसूं नये, याचा खेद त्याच्या चाहत्यांनींही मान्य केला पाहिजे.

आपल्या महाराष्ट्रांतही अशा खटपटी माणसांची वाण नव्हती. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांनीं १९४९ मध्यें मीरा नांवाची छोटी मोटार स्वतः बांधून रस्त्यावर आणली आणि पुढील पंचवीस वर्षें तिच्या सुधारलेल्या आवृत्त्या केल्या. पण कारखाना कांहीं उभा राहिला नाहीं. आज अभियांत्रिकीचे विद्यार्थी स्वतः गाड्या बांधून शर्यतींत उतरवितात, आणि आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणीं, अहिल्यानगरजवळ, वाहनांची कसोटी घेण्यासाठीं बांधलेला खास मार्ग आहे. पूर्वीं मिशिगनांतील घोड्यांच्या मैदानावर जें केलें जाई तेंच तेथें मापें लावून केलें जातें.

१९४३ मध्यें एड्सेल बापाच्या आधीं वारला. म्हाताऱ्या हेन्रीनें पुन्हा कारभार हातीं घेतला, पण आतां त्याची शक्ति ओसरली होती, आणि १९४५ मध्यें तो नातवाच्या स्वाधीन केला. १९४७ च्या एप्रिल महिन्यांत रूज नदीस पूर आला आणि डिअरबॉर्न येथील त्याच्या वाड्यांतील वीज बंद पडली. ७ एप्रिलच्या रात्रीं, मेणबत्त्यांच्या उजेडांत, ८३ वर्षांच्या हेन्री फोर्डनें प्राण सोडला. क्लारा त्याच्या उशाशीं होती.